काम्य, नित्य आणि कृष्णेतले मासे

मासेमारीवर मर्यादा घालण्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा की नाही, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राकडे सोपवला जातो आणि तेथे त्याचे उत्तर उत्पादनाच्या आकड्यांत दिले जाते. खर्च केल्याने मासळी वाढते का, वाढत असेल तर किती, आणि वाढलेल्या मासळीचे मोल खर्चाहून अधिक भरते का, एवढे पाहिले की विचार पूर्ण झाला असे मानले जाते. हा हिशेब आवश्यक आहे, परंतु त्याच्या आधी उभा असलेला एक प्रश्न त्यात येतच नाही. वाहत्या पाण्यातला जीव कोणी पेरलेला नसतो, त्याच्यावर कोणाचा सातबारा नसतो, आणि तो धरणाऱ्याचे पोट त्याच दिवसाच्या धरण्यावर चालते. अशा ठिकाणी राज्य जेव्हा ‘इतकेच धरा, या काळात धरू नका, याहून लहान धरू नका’ असे सांगते, तेव्हा ते कोणाच्या वतीने बोलते आणि त्या बोलण्याची किंमत कोणी मोजायची, हा धर्मविचाराचा प्रश्न आहे. धर्म हा शब्द येथे उपासनेच्या अर्थाने घेतलेला नसून, कोणाचे कोणाला काय देणे लागते या अर्थाने घेतलेला आहे.

हा प्रश्न समुद्रकिनाऱ्याऐवजी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या भूमीवर मांडण्यास सबळ कारण आहे. क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाईवरून उतरते, माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते, औदुंबरवरून सांगलीला येते आणि हरिपूरला वारणा पोटात घेऊन पुढे जाते. या एवढ्या टप्प्यात धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, कोयना आणि चांदोली अशी धरणे उभी आहेत. या पाण्यावर जाळे टाकून जगणारे भोई आहेत, त्याच काठावर मासळीला न शिवणारे माळकरी वारकरी आहेत, आणि सांगलीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा, अहिंसेला परम धर्म मानणारा जैन समाजही आहे. पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या डोंगरी भागात मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे ओढ्याओहोळांतून उलटे वर चढतात, त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते अंडी घालण्यासाठी निघालेले असतात, त्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांना धरण्यासाठी सारा गाव ओढ्यावर लोटतो. मासळी खाणारे, न खाणारे आणि विकणारे अशा तिघांनाही ज्या एका नदीचे पाणी प्यावे लागते, तेथे मर्यादेचा प्रश्न केवळ व्यवसायाचा राहत नाही.

पकडमर्यादा या शब्दाने कोणकोणत्या गोष्टी सांगितल्या जातात, हे प्रथम पाहिले पाहिजे. एका पाण्यातून एका वर्षात एकूण किती वजनाची मासळी काढावी याचा आकडा ठरवणे, हा मर्यादेचा सर्वांत काटेकोर प्रकार होय. न्यूझीलंडने 1986 मध्ये अशा आकड्याचे वाटे पाडून ते मच्छीमारांना देण्याची पद्धत सुरू केली, आणि अमेरिकेने 1976 च्या आपल्या मत्स्यव्यवसाय कायद्यात 2006 साली दुरुस्ती करून वार्षिक पकडमर्यादा सक्तीची केली. भारतात मर्यादेचे दुसरे, ढोबळ प्रकार रूढ आहेत : ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवणे, जाळ्याच्या आसाचे, म्हणजे छिद्राचे, किमान माप ठरवणे, आणि विशिष्ट लांबीपेक्षा लहान मासा धरण्यास मनाई करणे. इंग्रजी राजवटीतील 1897 च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. महाराष्ट्राने अंतर्गत पाण्यासाठी 1960 चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आणि समुद्रासाठी 1981 चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवण्याची प्रथा रुळली आणि 2023 मध्ये 54 सागरी प्रजातींसाठी किमान आकारही ठरवण्यात आला. समुद्राच्या बाबतीत मर्यादेची भाषा अशी हळूहळू घडत गेली आहे. नदी आणि धरण यांच्या बाबतीत मात्र ती अजून घडलेली नाही, कारण तेथे राज्याचे लक्ष काढण्यापेक्षा टाकण्यावर अधिक राहिले आहे.

टाकणे म्हणजे मत्स्यबीज सोडणे. धरणाच्या जलाशयाचा मासेमारीचा हक्क सरकार ठेक्याने देते. हा ठेका सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थेला काही वर्षांच्या मुदतीने मिळतो, आणि जलाशयाच्या क्षेत्राच्या प्रमाणात बोटुकली, म्हणजे बोटाएवढ्या वाढीची पिल्ले, सोडण्याची जबाबदारी संस्थेवर येते. ही पिल्ले बहुधा कटला, रोहू आणि मृगळ या गंगेच्या खोऱ्यातील माशांची असतात. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात अंतःस्रावाचे इंजेक्शन देऊन अशा माशांची वीण घडवून आणण्यात यश मिळवले, तेव्हापासून हे बीज देशभर मुबलक होऊ लागले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधाने असंख्य घरांत स्वस्त प्रथिन पोचवले, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे जलाशयात माशांचे दोन वर्ग झाले, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. ज्यांची खरेदी वहीत नोंदली गेली आहे आणि जे वजनावर विकले जाणार आहेत, असे मासे एका वर्गात येतात. सह्याद्रीच्या नद्यांत मुळातच असलेले, कोणी न सोडलेले आणि म्हणून कोणत्याही वहीत नसलेले मासे दुसऱ्या वर्गात जातात. पहिल्या वर्गाला मर्यादेची गरज नाही, कारण ते पेरून कापायचे पीकच आहे. दुसऱ्या वर्गाला ती प्राणांतिक निकडीची आहे, आणि त्यांच्यासाठी खर्चाचा रकानाच नाही.

या ठिकाणी वाईचे स्मरण अपरिहार्य ठरते. तेथील प्राज्ञपाठशाळेच्या ज्या परंपरेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, त्याच परंपरेत केवलानंद सरस्वती यांनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावून कर्तव्य निश्चित करणारे शास्त्र. या शास्त्राने कर्माचे केलेले वर्गीकरण सरकारी खर्चाला लावून पाहिले, तर वर मांडलेला पेच स्पष्ट होतो. पाऊस, पुत्र किंवा पशू अशा एखाद्या फळाच्या इच्छेने केले जाणारे कर्म काम्य होय. इच्छा नसेल त्याने ते केले नाही तरी दोष नाही, आणि फळ मिळत नसेल तर ते चालू ठेवण्याचेही कारण नाही. जे फळाच्या इच्छेवर अवलंबून नसते, नियमाने करावेच लागते आणि न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे कर्तव्यलोपाचा दोष लागतो, ते नित्य. आणि ग्रहण, जन्म, मृत्यू असे काही निमित्त घडल्यावर जे करावे लागते ते नैमित्तिक.

मत्स्यव्यवसायावरील आजचा सरकारी खर्च जवळजवळ सर्व काम्य स्वरूपाचा आहे. सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची एकूण रक्कम 20,050 कोटी रुपये होती, आणि देशाचे मत्स्योत्पादन 2018-19 मधील सुमारे 137 लाख टनांवरून 2024-25 पर्यंत 220 लाख टनांवर नेणे हे तिचे घोषित लक्ष्य होते. तळी, पिंजरे, बीजकेंद्रे, बर्फाचे कारखाने, वाहतूक यांसाठी दिलेला पैसा या फळाच्या अपेक्षेने दिलेला आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला, त्यामागेही वीज, कर्ज आणि विमा यांच्या सवलतींनी उत्पादन वाढावे हीच दृष्टी आहे. यात निंद्य काही नाही. भुकेल्या देशाने अन्नाची इच्छा धरणे योग्यच आहे. परंतु मर्यादेवरचा खर्च या जातीचा नाही, आणि त्याला काम्याच्या कसोटीवर घासले की तो नेहमीच हरतो. विणीच्या ओढ्यावर राखण करणारा माणूस, आसाचे माप तपासणारा निरीक्षक, जाळे सुकत ठेवलेल्या कुटुंबाला दिलेला निर्वाह, कोणत्या डोहात कोणते मासे उरले आहेत याची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद, या सर्वांतून यंदा एक किलोही मासळी बाजारात येत नाही. उलट यंदाची मासळी कमीच होते. तरीही हा खर्च राज्याला टाळता येऊ नये, तो नित्य मानला जावा, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

त्यासाठी राज्याला मर्यादा घालण्याचा अधिकार मुळात कोठून येतो, हे पाहिले पाहिजे. भारतीय राजनीतीने राज्यसंस्थेचे समर्थन करताना माशाचाच दृष्टांत घेतला. बलवानाने दुर्बलाला गिळावे या अराजक स्थितीला तिने मत्स्यन्याय म्हटले. महाभारताच्या शांतिपर्वात या स्थितीला त्रासलेली प्रजा मनूकडे जाते आणि संरक्षणाच्या मोबदल्यात धान्याचा दहावा, पशू व सुवर्ण यांचा पन्नासावा भाग देण्याचे कबूल करते, असे वर्णन आहे. कर हा गिळण्यापासून वाचवण्याचा मोबदला आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेत तर लहान मासाच मनूला म्हणतो की मोठे मासे लहानांना खातात, तेव्हा मी मोठा होईपर्यंत मला सांभाळ. आणि मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि अखेर समुद्रात ठेवतो. वाढ होईपर्यंत जीव राखून ठेवणे हीच किमान आकाराच्या नियमामागील कल्पना आहे.

कौटिल्याने ही कल्पना कारभारात उतरवली. जलाशयातील मासळीवर राजाचे स्वामित्व त्याने सांगितले, मच्छीमारांनी बोटीच्या भाड्यापोटी सहावा हिस्सा द्यावा असे ठरवले, आणि ज्या पशुपक्षी व माशांना अभय जाहीर झाले आहे त्यांची हत्या करणाऱ्यास जबर दंड करण्याचे काम सूनाध्यक्षाकडे, म्हणजे कत्तलखान्यांवरील अधिकाऱ्याकडे दिले. स्वामित्व, महसूल आणि अभय ही तीन टोके त्याच्या व्यवस्थेत एकत्र बांधलेली आहेत. अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात काही माशांची नावे घेऊन त्यांना अवध्य ठरवले, आणि चातुर्मासाच्या पौर्णिमांसह काही ठरावीक दिवशी मासे मारणे व विकणे बंद केले. बंदीचा हंगाम आणि संरक्षित प्रजाती या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. फरक इतकाच की अशोकाने त्या करुणेतून केल्या, आणि आजच्या कायद्यात त्या पुढील वर्षीच्या पकडीसाठी केल्या जातात. आधुनिक भारतीय न्यायानेही राज्याचे स्वामित्व निरंकुश मानलेले नाही. कमलनाथ प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने नद्या, वने, हवा यांबाबत राज्य हे मालक नसून विश्वस्त आहे असे तत्त्व स्वीकारले. विश्वस्ताने मालमत्तेचे उत्पन्न वाढवावे हे ठीक, पण मूळ मालमत्ता राखण्याचा खर्च त्याच्या मर्जीवर सोडलेला नसतो. ठेक्याचे पैसे घेणारे राज्य राखणीचा खर्च टाळू लागले, तर कौटिल्याच्या तीन टोकांपैकी दोनच त्याने हाती धरली असे म्हणावे लागते.

येथपर्यंतच्या विवेचनावर सांगलीच्या भूमीतूनच एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेच्या कार्यक्षेत्रात ज्यांचे घर आणि शेत आहे, असा श्रावक, म्हणजे गृहस्थाश्रमी जैन, विचारू शकतो की मासा अधिक काळ मारता यावा म्हणून त्याला आज जगू देणे ही अहिंसा कशी? मर्यादेवरचा सरकारी खर्च हा त्याच्याही करातून होतो. मग त्याच्या पैशाने हिंसेची व्यवस्था लावली जात नाही का? या आक्षेपात बळ आहे. जाळ्याचे आस ठरवणे म्हणजे हिंसा थांबवणे नव्हे, तर हिंसेचे वेळापत्रक ठरवणे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु जैन आचारशास्त्र स्वतः या प्रश्नाकडे अधिक सूक्ष्मतेने पाहते. त्याने हिंसेचे चार प्रकार केले आहेत : मुद्दाम ठरवून केलेली ती संकल्पी, घरसंसार चालवताना होणारी ती आरंभी, उपजीविकेच्या व्यवसायात घडणारी ती उद्योगी, आणि आक्रमणाला तोंड देताना करावी लागणारी ती विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा टाळावी आणि इतर प्रकार कमीत कमी करावेत, असे हे शास्त्र सांगते. मासेमारी त्याच्या दृष्टीने निषिद्धच राहते, यात शंका नाही. पण गृहस्थाला वर्ज्य अशा पंधरा व्यवसायांच्या यादीत तळी व जलाशय आटवणे हाही व्यवसाय येतो, याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पाणी आटले की त्यातले सगळे जीव तडफडून मरतात, मग कोणी जाळे टाको वा न टाको. या शास्त्रकारांनी हिंसा हत्याराच्या टोकाशी थांबवली नाही, ती पाण्याच्या पातळीपर्यंत नेली. ही दृष्टी कृष्णाकाठी आणली, तर ओढ्यावर चढणीचे मासे धरणारा गडी आणि नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पाडणारी उसाची बागायत यांच्यात हिंसेचा वाटा कोणाचा मोठा, हा प्रश्न टाळता येत नाही. भोई दोषी ठरतो, कारण त्याच्या हातात मासा दिसतो. मोटार चालवून पाणी उपसणाऱ्याच्या हातात काहीच दिसत नाही.

या पेचावर महाभारतातील अनुशासनपर्वाने जी कथा दिली आहे, तिच्यापेक्षा खोल उत्तर मत्स्यव्यवस्थापनाच्या आधुनिक ग्रंथांत शोधूनही सापडणे कठीण आहे. सहवासाने कोणता स्नेह निर्माण होतो, हा युधिष्ठिराचा प्रश्न आहे, आणि भीष्म उत्तरादाखल च्यवन ऋषींची हकीकत सांगतात. च्यवनाने गंगायमुनेच्या संगमात बारा वर्षे पाण्यात राहण्याचे व्रत घेतले. मासे त्याच्या अंगाखांद्यावर निर्भय वावरू लागले. एके दिवशी निषादांनी मोठे जाळे टाकले, आणि माशांबरोबर शेवाळाने माखलेला ऋषीही वर आला. घाबरलेल्या निषादांनी क्षमा मागितली. त्यावर च्यवनाने त्यांना शाप दिला नाही आणि जाळे सोडण्यास सांगितलेही नाही. ज्या माशांसह आपण इतका काळ राहिलो त्यांना सोडून जाणार नाही, मेलो तर त्यांच्यासह आणि विकलो गेलो तर त्यांच्यासह, एवढेच तो म्हणाला. राजा नहुष धावत आला, तेव्हा च्यवनाने त्याला सांगितले की हे मासळीवर जगणारे लोक मोठ्या श्रमाने थकले आहेत, त्यांना माशांसह माझे मूल्य दे. राजाने हजार नाणी देऊ केली, मग लाख, मग कोटी, मग अर्धे राज्य आणि अखेर सारे राज्य. ऋषी प्रत्येक वेळी हे मूल्य पुरेसे नाही असे म्हणत राहिला. शेवटी एका मुनीने गाय हे मूल्य सुचवले आणि च्यवनाने ते स्वीकारले. निषादांनी ती गाय ऋषीलाच अर्पण केली, आणि त्याच्या आशीर्वादाने मासे आणि निषाद दोघेही एकत्रच स्वर्गाला गेले.

कथेतील तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की माशांबद्दल परम करुणा असलेला ऋषी मच्छीमाराच्या श्रमाला प्रथम मान देतो. जीव वाचवायचा तर तो धरणाऱ्याची मजुरी बुडवून वाचवायचा नाही, हे तो गृहीत धरतो. दुसरी अशी की किंमत चुकवण्याचा भार राजावर टाकलेला आहे. निषादांनी स्वतःहून त्याग करावा, पुण्य लागेल, असा उपदेश च्यवन करत नाही. आणि तिसरी, सर्वांत अवघड गोष्ट अशी की नाण्यांची कोणतीही बेरीज मूल्याला पोचत नाही, तरीही मूल्य दिले जातेच. राजाला ‘हे अमोल आहे’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. पर्यावरणाच्या चर्चेत निसर्ग अमूल्य आहे असे म्हणण्याची रीत आहे, आणि अंदाजपत्रकात अमूल्य वस्तूपुढे बहुधा शून्य लिहिले जाते. नहुषाला ती सोय मिळाली नाही.

या दृष्टीने पाहता, मर्यादा घालून तिचा खर्च न उचलणारे राज्य मत्स्यन्याय थांबवत नाही, तर तो स्वतःच्या नावावर चालवते. विणीच्या महिन्यांत जाळे बंद ठेवा असे सांगितले, पण त्या महिन्यांत चूल कशी पेटावी याची तजवीज केली नाही, तर मर्यादेचे सर्व ओझे काठावरच्या सर्वांत दुबळ्या घरावर पडते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी बचत व साहाय्याची तरतूद आहे. तीत मच्छीमाराचे 1,500 रुपये आणि सरकारचे 3,000 मिळून तीन महिन्यांना 4,500 रुपये होतात. महिन्याला दीड हजार रुपये कोणत्याही कुटुंबाला पुरत नाहीत, आणि त्यातला तिसरा हिस्सा त्याच कुटुंबाचा आहे. 2 जुलै 1992 रोजी कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या कॉड मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा हजारो कुटुंबांचा रोजगार एका दिवसात गेला आणि सरकारला त्यांच्या निर्वाहासाठी अब्जावधी डॉलर मोजावे लागले. मर्यादेचा वेळच्या वेळी करावयाचा नित्य खर्च टळला की तोच पुढे नैमित्तिक होऊन, आपत्तीच्या रूपाने, कितीतरी पटींनी अंगावर येतो.

मच्छीमाराच्या मर्यादेची चर्चा नदीच्या पाण्याच्या वाटणीपासून तोडून करणे हेही या खोऱ्यात अन्यायाचे ठरते. 1969 मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेचे 2,060 अब्ज घनफूट पाणी तीन राज्यांत वाटले. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला 560 अब्ज घनफूट आले, आणि कोयनेतून वीजनिर्मितीसाठी 67.5 अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मुभा मिळाली. हे पश्चिमेला गेलेले पाणी वीज देऊन अखेर अरबी समुद्राला मिळते, कृष्णेला परत येत नाही. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी दुष्काळी पूर्वभागाला जे पाणी दिले ते न्याय्यच होते. माण, आटपाडी आणि जतच्या माणसाची तहान खोटी नव्हती. परंतु शेती, वीज, शहर आणि कारखाना यांच्या वाट्यांची बारकाईने मोजणी करणाऱ्या त्या निवाड्यात जिवंत नदीसाठी म्हणून वेगळा वाटा नव्हता. वाहत्या पाण्याविना मासा वीत नाही, आणि धरणाची भिंत ओलांडून तो वर चढूही शकत नाही. ज्याने नदीचा प्रवाह तोडला त्याच्यावर मर्यादा नाही, आणि तुटलेल्या प्रवाहात उरलेले मासे धरणाऱ्यावर मात्र मर्यादा, ही व्यवस्था नीतीच्या कोणत्याही कसोटीवर उतरत नाही.

याच प्रदेशात न्याय्य वाटपाचा दुसरा विचारही जन्मला आहे. खानापूर तालुक्यात तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात येरळेवर बळीराजा स्मृती धरणाचे काम उभे केले, तेव्हा त्या चळवळीने भूमिहीनासह प्रत्येक घराला पाण्याचा वाटा असावा हे तत्त्व मांडले, आणि पुढे आटपाडीच्या समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्यात ते अधिक विस्तारले. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या मालकीतून येत नाही, जगण्याच्या गरजेतून येतो, असा त्याचा गाभा आहे. हा गाभा मान्य केला, तर ज्याचे जगणे शब्दशः पाण्यातच आहे त्या जीवाला त्यातून वगळण्याचे तर्कशुद्ध कारण देता येत नाही, आणि त्या जीवावर जगणाऱ्या भोयालाही नाही.

सरकारी खर्चाविनाही मर्यादा पाळल्या गेल्या आहेत, हा आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीच्या नावाने महसीर मासे राखले गेले. वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या परिसरातही तशीच श्रद्धा आहे. कोणी निरीक्षक नाही, कोणते अनुदान नाही, तरी तेथे मासा धरला जात नाही. सामाईक साधने माणसाच्या हावेने नष्टच होतात, असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखवले की लोक स्वतः नियम करून अशी साधने दीर्घकाळ राखू शकतात. मग श्रद्धेने जे फुकट होते त्यासाठी पैसा देऊन व्रताचे मोलमजुरीत रूपांतर का करावे? याचे उत्तर असे की देवाचा डोह हा नदीचा एक वाक आहे, सगळी नदी नव्हे. गावाचे व्रत वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटावे हे ठरवू शकत नाही, आणि कारखान्याचे सांडपाणी डोहाच्या सीमेवर थांबत नाही. गावाच्या हातात जेवढे आहे तेवढे गावाने व्रताने राखावे आणि गावाच्या आवाक्याबाहेरचे राज्याने कर्तव्य म्हणून राखावे, यात व्रत हलके होत नाही.

खर्च केला म्हणजे तो योग्यच झाला, असेही मात्र नाही. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरची कृत्रिम वीण करून लाखो पिल्ले देशभर पाठवली. हेतू निःसंशय थोर होता. दख्खनी महसीर आंतरराष्ट्रीय यादीत धोक्याच्या वर्गातून बाहेरही आला. पण कावेरीत सोडलेल्या याच माशांमुळे तेथील मूळचा, पाठीवर कुबड असलेला महसीर संकटात आला, हे संशोधकांच्या नंतर लक्षात आले. पिल्ले सोडणे हे मोजता येणारे, समारंभाने करता येणारे कर्म आहे, म्हणून त्याकडे पैसा सहज वळतो. ज्या नदीत जे आहे ते तेथेच टिकू देणे याचा समारंभ होत नाही.

2023 च्या मार्चमध्ये सांगली परिसरात कृष्णेच्या पात्रात हजारो मासे मेलेले आढळले. सेंद्रिय सांडपाणी नदीत आले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी प्रवाह मंदावलेला असताना माशांना पळून जाण्यास जागा उरत नाही. अशा वेळी दंड आणि भरपाईचे नैमित्तिक कर्म सुरू होते. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या प्रकरणात 1996 मध्ये मान्य केले आणि 2010 च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमात ते आले. वसूल होणाऱ्या या रकमेवर पहिला हक्क त्या टप्प्यातील नदीचा आणि तिच्यावर जगणाऱ्या भोई कुटुंबांचा असला पाहिजे. ती राज्याच्या सामान्य खात्यात विरून जाऊ नये. तिच्यातून विणीच्या महिन्यांचा पुरेसा निर्वाह, डोहांची नोंद आणि उन्हाळ्यात पात्रात सोडावयाच्या किमान पाण्याची मोजणी यांचा खर्च चालावा. ठेक्याच्या करारनाम्यात किती बोटुकली सोडली याची नोंद असते, तशीच त्या जलाशयात मूळच्या कोणत्या जाती अजून सापडतात आणि वरच्या ओढ्यांवर चढणीच्या दिवसांत राखण झाली की नाही याचीही असावी, आणि ती ठेवणाऱ्या संस्थेला त्या कामाचे वेतन ठेक्याच्या रकमेतून वजा करून मिळावे.